नेट मीटरिंगचे नियम बदलत असताना घरावर सोलर कसं बसवावं? नाशिककरांसाठी पायरीपायरीने हिशेब

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, म्हसरूळ, कुठल्याही भागात गच्चीवर उभं राहून आजूबाजूला पाहिलं की सोलर पॅनल दिसतातच. बसवायचा विचार करणारेही घरोघर आहेत. त्यांना दोन प्रकारचे सल्ले मिळतात. विक्रेता म्हणतो, चार वर्षांत पैसे वसूल, पुढची एकवीस वर्षं वीज फुकट. शेजारी म्हणतो, थांबा, नेट मीटरिंग आता बंद होणार, पैसे अडकतील.

दोघांचंही अर्धंच खरं आहे. नेट मीटरिंगचे नियम बदलतात हे खरं, आणि सोलर परवडतं हेही खरं. पण किती परवडेल हे तुमच्या प्रकल्पाचं माप कशावरून ठरवलं यावर अवलंबून आहे. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, वीज पाठवून कमावण्याच्या भरवशावर प्रकल्प बसवला तर नियमांतला प्रत्येक बदल खिशाला लागेल. स्वतःच्या वापराच्या मापाने बसवला तर वसुली वर्ष-दीड वर्ष लांबेल, पैसे बुडणार नाहीत. हे आकड्यांत कसं तपासायचं ते पुढे दिलं आहे.

आधी नियम समजून घ्या

दुपारी तुमचे पॅनल तीन युनिट बनवतात आणि घरात एकच लागतं. उरलेली दोन युनिट बाहेर ग्रिडमध्ये जातात. रात्री तुम्ही ग्रिडमधून वीज घेता. बाहेर गेलेल्या त्या दोन युनिटची किंमत काय धरायची, एवढ्या एकाच प्रश्नावर सगळे नियम फिरतात.

नेट मीटरिंगमध्ये युनिटला युनिट वजा होतं. दुपारी दिलेलं एक युनिट रात्री घेतलेल्या एका युनिटला फेडतं, भाव कितीही असो. नेट बिलिंगमध्ये घेतलेल्या युनिटला नेहमीचा घरगुती दर लागतो आणि दिलेल्या युनिटला ठरवून दिलेला, बराच कमी दर मिळतो. ग्रॉस मीटरिंगमध्ये तर तुमची सगळी निर्मिती वेगळी विकली जाते आणि सगळा वापर वेगळा विकत घेतला जातो. घरगुती ग्राहकाला यांपैकी नेट मीटरिंगच सर्वांत फायद्याचं.

महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे पहिले विनियम राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये आणले. सध्याची चौकट डिसेंबर २०१९ च्या विनियमांची आहे. त्यांचा मसुदा आला तेव्हा महिन्याला ३०० युनिटपर्यंतच नेट मीटरिंग द्यायचा प्रस्ताव होता. त्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि अंतिम विनियमांत ती अट राहिली नाही. केंद्राच्या पातळीवर डिसेंबर २०२० च्या नियमांनी नेट मीटरिंग १० किलोवॅटपर्यंत मर्यादित केलं होतं. जून २०२१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंत गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली. तिच्यामुळे १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरील प्रकल्पांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची गरज उरली नाही आणि ५ किलोवॅटपर्यंत वितरण व्यवस्था बळकट करण्याचा खर्च वीज कंपनीवर आला.

म्हणजे नियम दोन्ही दिशांनी हलतात, कधी आवळले जातात, कधी सैल होतात. सर्वांत कठोर बदल पाहायचा असेल तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाकडे पाहा. एप्रिल २०२३ पासून तिथे नव्या ग्राहकांना बाहेर पाठवलेल्या विजेचा मोबदला साधारण तीन चतुर्थांशाने कमी झाला. आधी जोडणी घेतलेल्यांना मात्र वीस वर्षं जुन्याच अटी ठेवल्या. जुन्या ग्राहकाला जुनी अट मिळते की नाही, यावर खूप काही अवलंबून असतं. म्हणून नेट मीटरिंगच्या करारावर सही करण्याआधी त्याची मुदत आणि नियम बदलल्यास काय लागू होईल हे कलम शब्दन् शब्द वाचा. बहुतेक जण विक्रेत्याने दाखवलेल्या जागी सही करून मोकळे होतात, ते करू नका.

३१ मार्चची मेख

महाराष्ट्रात महिन्याला उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण फक्त त्या आर्थिक वर्षापुरती. ३१ मार्चला जी शिल्लक असेल ती वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलला तुमचं युनिटचं खातं शून्यावर येतं.

नाशिकच्या ऋतूंशी हे ताडून पाहा. जून ते सप्टेंबर ढग असतात, निर्मिती घसरते. ऑक्टोबरपासून आकाश स्वच्छ. नाशिकच्या थंडीत पॅनल गारही राहतात आणि गार पॅनल जास्त कार्यक्षमतेने वीज देतात, कारण तापमानातल्या प्रत्येक वाढीव अंशाला निर्मिती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. त्याच काळात पंखे-एसी बंद, वापर कमी. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च युनिट साठत जातात. आणि एसी सुरू होण्याच्या तोंडावर, नेमक्या १ एप्रिलला, ती साठवण हातातून जाते. हिवाळ्यात जमवलेलं मे महिन्यात वापरू हे गृहीत धरून मोठा प्रकल्प घेतलेल्यांची इथेच निराशा होते.

पायरी १: बारा महिन्यांची बिलं समोर घ्या

एका महिन्याच्या बिलावर काहीही ठरवू नका. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, ॲपवर जुनी बिलंही मिळतात. बाराही महिन्यांची युनिट एका कागदावर मांडा. मग मंजूर भार किती किलोवॅट आणि जोडणी सिंगल फेज की थ्री फेज, ते पाहून ठेवा. त्यानंतर आकारांच्या ओळींकडे वळा. स्थिर आकार सोलर बसवलं तरी जात नाही. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार हे युनिटवर लागतात, त्यामुळे युनिट वाचलं की तेही वाचतात. त्यांच्यावरचं वीज शुल्कही कमी होतं.

आता टप्पे. घरगुती दर ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि ५०० च्या वर असे चढत जातात, आणि चढण फार तीव्र आहे. उदाहरणादाखल २०२४-२५ चे दर घ्या. वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटना ५ रुपये ८८ पैसे, पुढच्या टप्प्याला ११.४६, तिसऱ्याला १५.७२ आणि ५०० च्या वर १७.८१. तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे वेगळे असतील, तेच घाला. पण सोलर आधी तुमची सर्वांत महाग युनिट उडवतं आणि स्वस्त युनिटपर्यंत शेवटी पोचतं, हे दर बदलले तरी खरंच राहील. म्हणून पहिला किलोवॅट सर्वांत जास्त पैसे वाचवतो आणि शेवटचा सर्वांत कमी.

पायरी २: दिवसाचा वापर मोजा

ही पायरी जवळपास कोणीच करत नाही, आणि नियमबदलाचा फटका किती बसेल हे तीच सांगते. आठवडाभर सकाळी ९ ला आणि संध्याकाळी ५ ला मीटरचं रीडिंग वहीत लिहा. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे तुमचा दिवसाचा वापर.

दोघंही नोकरीला, मुलं शाळेत, अशा घरात हा वापर एकूण वापराच्या चौथ्या हिश्शाइतकाही भरत नाही. आजी-आजोबा घरी असतील, घरून काम चालत असेल, किंवा तळमजल्यावर शिलाईकाम, क्लास असं काही असेल तर तो अर्ध्यावर जातो. पहिल्या घराची बहुतेक सोलर वीज बाहेर जाणार, म्हणजे त्याचं भवितव्य नियमांच्या हाती. दुसऱ्या घराला नियमांची फारशी पर्वा नाही.

इथेच टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर, हा विषय येतो. जून २०२३ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाच्या आठ सौर तासांत दर किमान २० टक्के कमी आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत जास्त ठेवायची दिशा दिली. २०२५ पासून महावितरण टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ मधल्या वापरावर प्रति युनिट सवलत देते. सोलर नसलेल्याला ही चांगली बातमी. सोलरवाल्याने मात्र सावध राहावं. दुपारची वीज स्वस्त धरली गेली आणि पुढे कधी दुपारचं युनिट दुपारच्याच युनिटशी फेडायची अट आली, तर रात्रीचा वापर उघडा पडतो. वहीतला दिवसाचा आकडा जितका मोठा, तितकी ही भीती लहान.

पायरी ३: तीन शक्यतांवर हिशेब

एक साधं घर घेऊ. महिन्याला सरासरी ३०० युनिट, वर्षाला ३,६००. ३ किलोवॅटचा प्रकल्प, वर्षाला सुमारे ४,००० युनिट निर्मिती. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट असं ढोबळ माप धरतात. धूळ, सावली आणि नाशिकचा पावसाळा पाहता मी थोडं खालीच धरलं आहे. खर्च १ लाख ९० हजार धरू, त्यातून केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ७८ हजार (तपशील पायरी ५ मध्ये) वजा, खिशातून १ लाख १२ हजार. दर वरचेच, शिल्लक युनिटला ३ रुपये गृहीत. वीज शुल्क आणि महिन्यांमधला चढउतार हिशेब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवला आहे.

सोलर नसताना वर्षाचं युनिटवरचं बिल ३४,५६० रुपये होतं.

पहिली शक्यता, नेट मीटरिंग आज आहे तसं. पूर्ण ३४,५६० वाचतात, वर ४०० युनिट उरतात त्यांचे १,२००. वर्षाला ३५,७६०. तीन वर्षांच्या थोडं पुढे वसुली.

दुसरी शक्यता, नेट बिलिंग आलं. घरात थेट १,४०० युनिट वापरली, २,६०० बाहेर गेली, २,२०० विकत घ्यावी लागली. बाहेर गेलेल्यांचे ७,८०० मिळाले, विकत घेतलेल्यांचे साधारण १८,५०० गेले. निव्वळ बचत २३,८०० च्या आसपास, वसुली पावणेपाच वर्षांत.

तिसरी शक्यता, नेट बिलिंगच, पण तुम्ही सवयी बदलल्या. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री, दुपारचा एसी, स्कूटरचं चार्जिंग दिवसा. थेट वापर २,२०० युनिटवर गेला. आता बचत ३०,६०० होते आणि वसुली साडेतीन-पावणेचार वर्षांत.

सर्वांत वाईट शक्यतेतही पाच वर्षांच्या आत पैसे परत येतात, आणि पॅनलच्या कामगिरीची हमी साधारण २५ वर्षांची असते.

आता याच घराला कोणी ६ किलोवॅट गळ्यात मारला असं समजा. खर्च ३ लाख ६० हजार, अनुदान तेवढंच ७८ हजार, कारण ते ३ किलोवॅटनंतर वाढत नाही. वाढीव १ लाख ७० हजारांवर मिळतं काय? वाढीव ४,००० युनिट, सगळी शिल्लक, ३ रुपयांनी १२,००० रुपये. म्हणजे नेट मीटरिंग चालू असतानाही या वाढीव भागाची वसुली चौदा वर्षांत, आणि शिल्लक युनिटचा दर घसरला तर त्याहून पुढे. नियमबदलाच्या भीतीने झोप उडावी असे प्रकल्प हेच.

उलट बाजूही पाहा. २ किलोवॅट घेतला असता तर बचत २९,००० च्या आसपास झाली असती. तिसऱ्या किलोवॅटने वर्षाला साधारण ६,७०० जोडले आणि अनुदान वजा जाता त्याला ४२,००० लागले, म्हणजे सव्वासहा वर्षं. पुढे इलेक्ट्रिक गाडी किंवा एसी येणार असेल तर घ्या, नाहीतर २ किलोवॅटवरही समाधान मानता येतं.

विक्रेत्याच्या एक्सेल शीटमध्ये वीजदर दरवर्षी ५-७ टक्के वाढतील असं गृहीत असतं. ती ओळ शोधून शून्य करायला लावा. २०२५ मध्ये आयोगाने २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांच्या दरांवर आदेश काढला, आणि त्यात दर उतरते ठेवण्याची चर्चा होती. वाढ शून्य धरूनही प्रकल्प परवडत असेल तरच पुढे जा. कर्ज घेत असाल तर व्याजही याच कागदावर वजा करा.

पायरी ४: गच्ची

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते. तोंड दक्षिणेला, कल १८ ते २० अंश, कारण नाशिक २० उत्तर अक्षांशावर आहे. सावली डिसेंबरमध्ये तपासा, तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि पाण्याच्या टाकीची सावली लांबवर जाते. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर उद्या सात मजले चढतील का, हेही विचारून घ्या. पाथर्डी फाटा, आडगाव, मखमलाबादकडे हा प्रश्न खराच आहे, आणि बांधकामाची धूळही. पॅनल पहाटे किंवा संध्याकाळी धुवा, तापलेल्या काचेवर पाणी मारू नका. बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग बसतात, ते नंतर घासूनही निघत नाहीत. गारपिटीचं म्हणाल तर पॅनलच्या प्रमाणित चाचणीत २५ मिलिमीटरची गार ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेगाने मारून पाहतात. निफाड-चांदवडकडे पडणाऱ्या गारा कधी त्याहून मोठ्या असतात, म्हणून घराच्या विम्यात पॅनलचा उल्लेख करून घ्या.

पायरी ५: अर्ज, अनुदान, कागदपत्रं

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार मिळतात. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॅटला १८ हजार. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून तुम्ही स्वतः करा, विक्रेत्याच्या मोबाइलवरून नको. वीजजोडणी, घर आणि बँक खातं एकाच नावावर आहे ना, हे आधी पाहा. वडील गेले आणि बिल अजून त्यांच्याच नावाने येतं, असं असंख्य घरांत असतं. अनुदान तिथेच अडतं. नाव बदलून घ्या, मग अर्ज करा.

अनुदानासाठी पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, त्यांना डीसीआर म्हणतात. कोटेशनवर हा शब्द, कंपनी, मॉडेल आणि वॅट लिहून घ्या, आणि पॅनल गच्चीवर चढवण्याआधी मागच्या लेबलचे फोटो काढा. सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, जुन्या दराचं कोटेशन पुढे सरकवलं तर परत पाठवा. संपूर्ण रक्कम आधी देऊ नका. शेवटचा हप्ता नेट मीटर बसून पहिलं बिल आल्यावर, हे लेखी ठरवा. प्रकल्प उभा राहून नेट मीटर बसेपर्यंतच्या काळात तुमची वीज कोणाच्याच हिशेबात नसते, आणि हातात हप्ता असला की पाठपुरावा करायला विक्रेता स्वतः जातो.

पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा ऑन ग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेला, इन्व्हर्टर ग्रिडची वीज गेली की आपोआप बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ते आवश्यक आहे. त्यामुळे भर दुपारीही लाइट गेली की सोलर असून घरात अंधार, हे आधीच माहीत असू द्या.

बॅटरी आत्ता घ्यावी का?

नेट मीटरिंग आहे तोवर ग्रिडच तुमची बिनपैशाची बॅटरी आहे, त्यामुळे बॅटरीने बिलात एक रुपयाही वाचत नाही. नेट बिलिंग आलं तर गणित पालटेल. ११ रुपयांचं युनिट टाळून ३ रुपयांचं सोडून दिलं, तर युनिटमागे ८ रुपये सुटतात. रोज ४ युनिट साठवली तर वर्षाला ११ हजारांहून थोडे जास्त. त्या दिवशी बॅटरीच्या किमतीला या आकड्याने भागा आणि येणारी वर्षं हमीच्या मुदतीपेक्षा कमी असतील तरच घ्या. आज फक्त पुढे बॅटरी जोडता येईल असा हायब्रिड इन्व्हर्टर किती जादा पैशांत मिळतो, ते विचारून ठेवा.

बसवल्यानंतर

नेट मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने सरकतात, त्यात आयात आणि निर्यात असे दोन वेगळे असतात. दर महिन्याच्या एकाच तारखेला दोन्हींचे फोटो काढा आणि बिलाशी ताळा करा. इन्व्हर्टरच्या ॲपवरची निर्मिती वजा मीटरवरची निर्यात म्हणजे तुम्ही घरात थेट वापरलेली वीज. हा आकडा वाढवत नेणं, हेच तुमच्या हातातलं खरं संरक्षण.

मार्चच्या बिलात किती युनिट शिल्लक होती आणि एप्रिल-मेच्या बिलात त्यांचे पैसे कोणत्या दराने जमा झाले, हे न चुकता पाहा. जमा झाले नसतील तर आधी उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. दोन्हीकडे वकिलाशिवाय जाता येतं. मीटरचे तारखेचे फोटो हा तिथे सर्वांत भक्कम पुरावा.

आयोग कोणताही विनियम बदलण्याआधी मसुदा संकेतस्थळावर टाकतो आणि हरकती मागवतो, त्या कोणीही पाठवू शकतो. २०१९ चा ३०० युनिटचा प्रस्ताव हरकतींनंतरच गळला, हे विसरू नका. ग्राहक क्रमांक, प्रकल्पाची क्षमता, वर्षाची आयात-निर्यात आणि प्रस्तावित बदलाने तुमच्या घराला किती रुपयांचा फरक पडतो, एवढं एका पानात मराठीतून लिहून मुदतीच्या आत पाठवा. सोसायटीतले वीस जण वीस वेगवेगळ्या आकड्यांनिशी लिहीत असतील तर आणखी उत्तम.